नाताळची हिरवाई घरात आणताय? या चुका टाळा

इंग्लंडमधला आमचा पहिला नाताळ. हौसेने झाड आणलं आणि दुसरीकडे जागा नव्हती म्हणून खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला खेटून उभं केलं. वीस तारखेपर्यंत त्याचा खराटा झाला. गालिच्यात रुतलेल्या त्याच्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, पाडव्यापर्यंत पायाला टोचत होत्या. कापलेलं झाड फुलदाणीतल्या फुलांसारखंच; त्याला पाणी हवं आणि ऊब नको, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सगळ्यात जास्त घोळ बुंध्याशी होतो. झाड तोडल्यावर काही तासांतच कापलेल्या जागी राळ साकळते आणि पाणी वर चढेनासं होतं. म्हणून घरी आणल्याबरोबर बुंध्याची दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची चकती आडवी कापून टाका आणि झाड लगेच पाण्यात ठेवा. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून काही जण बुंधा पेन्सिलीसारखा तासतात. ते मुळीच करू नका, पाणी वर नेणारं लाकूड सालीलगतच असतं. त्यापेक्षा मोठा स्टँड घ्या. दहा सेंटिमीटर बुंध्याला चारेक लिटर पाणी मावेल असा. त्यात साखर, ॲस्पिरिन वगैरे घालायचे सल्ले मिळतील. नळाचं साधं पाणी पुरतं.

पाण्याची पातळी रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना बघून घ्यावी. ती बुंध्याच्या खाली गेली की राळ पुन्हा साकळते आणि मग नुसतं पाणी ओतून भागत नाही. सगळी सजावट उतरवून पुन्हा चकती कापायची. (हे मी एकदाच केलंय.)

झाड घेताना फांदीवरून बोटं फिरवा. सुया हातात आल्या तर पुढच्या झाडाकडे वळा. स्वस्त मिळतं आणि वासही छान म्हणून नॉर्वे स्प्रूस घ्यायचा मोह होतो. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात 1947 पासून दरवर्षी नॉर्वेकडून भेट येतं ते हेच झाड. पण ते उघड्यावर, थंडीत उभं असतं. हीटर चालू असलेल्या खोलीत स्प्रूस लवकर झडतो, तिथे नॉर्डमन फर जातीचं झाडच बरं.

दारावरच्या रीथला, म्हणजे हिरव्या फांद्यांच्या गोल कड्याला, आणि फांद्यांच्या माळांना तर पाणीही मिळत नाही. आंब्याच्या तोरणासारखीच त्यांची गत. दाराबाहेरच्या गारठ्यात रीथ काही आठवडे तजेलदार राहतं, घरात आठवड्याभरात कडक होतं. म्हणून घरातल्या माळा बावीस-तेवीस तारखेलाच लावा, आणि पेटत्या फायरप्लेसवर तर नकोतच. वाळलेल्या फांद्या भुरकन पेटतात. दिवे एलईडीचे घ्या, झोपताना बंद करा.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर होली आणि मिसलटो या सजावटीच्या झाडांची अनुक्रमे लाल आणि पांढरी फळं त्यांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा; दोन्ही विषारी. बागेतल्या यू नावाच्या सदाहरित झाडाच्या फांद्या फुकट मिळतात, पण त्याची पानं आणि बिया फारच घातक. इंग्लंडच्या राणी शार्लटने 1800 मध्ये विंडसरला नाताळसाठी सजवलं ते झाड यूचंच होतं म्हणे, तरी मी ते घरात आणणार नाही.

कुंडीतलं जिवंत झाड आत दहा-बारा दिवसच ठेवा, मग बाहेर.

आणि स्टँडखाली पहिल्याच दिवशी जुनी चादर अंथरा. जानेवारीत चारही टोकं उचलून झाड गुंडाळायचं आणि थेट दाराबाहेर न्यायचं.