जुन्या मसल कार्सची (म्हणजे दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांची) ड्रॅग रेस बघायला जाताय? मग हे वाचा

बे एरिया किंवा एलएला राहत असाल तर मार्चमध्ये एकदा तरी बेकर्सफील्डजवळच्या फमोसो ड्रॅगस्ट्रिपवर जाऊन याच, तिथली मार्च मीट ही ड्रॅग रेसची स्पर्धा १९५९ पासूनची आहे.

आधी इअरप्लग घ्या. हसू नका. नायट्रोमिथेन या इंधनावर चालणारी गाडी सुरू झाली की आवाज कानात नाही, थेट छातीत वाजतो आणि डोळ्यांतून पाणी येतं ते वेगळंच.

मग पिट्समध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात तिथे फिरा, बॉनेट उघडं दिसलं की बिनधास्त विचारा कुठलं इंजिन. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ असेल तर ३८९ क्युबिक इंच, म्हणजे जवळपास ६.४ लिटर, आपल्या ८०० सीसीवाल्या आठ अल्टो एका बॉनेटखाली!

आता रेस. शेजारी शेजारी दोन गाड्या, सरळ रस्ता, अंतर पाव मैल, ४०२ मीटर. आधी टायर जागेवर फिरवून धूर काढतात ना, ते शायनिंग नाही, रबर गरम होऊन चिकटावं म्हणून. पूर्वी त्यासाठी चक्क ब्लीच ओतायचे, आता पाणी.

नजर मात्र ख्रिसमस ट्रीवर, म्हणजे दिव्यांच्या खांबावर ठेवा (१९६३ च्या आधी माणूस झेंडा दाखवायचा). पिवळे लागले, मग हिरवा. लाल लागला की गडी आऊट. आणि नवख्यांचा गोंधळ इथेच होतो, टाइम स्लिपवरचा (रेसनंतर ड्रायव्हरला मिळते त्या चिठ्ठीवरचा) वेळ हिरव्या दिव्यापासून नाही, गाडी हलल्यापासून मोजतात, त्यामुळे ड्रायव्हर दिव्यावर झोपला तर कमी वेळ काढूनही हरतो.