जुना डेस्कटॉप सुरू होत नाही? सेल काढण्याआधी बायोसचे फोटो

कॅबिनेटच्या स्क्रूला हात लावण्याआधी मोबाइल घ्या आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी दिसणाऱ्या, बोर्डच्या सेटिंगच्या) प्रत्येक पानाचा फोटो काढा. हे सेटिंग बोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर टिकतं. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि धडधाकट विंडोज विनाकारण फॉरमॅट झालं, म्हणून ही यादी. ती २०११ ते २०१३ च्या सुमारास बसवलेल्या मशीनना धरून आहे: एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड), दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय३ किंवा पेंटियम, डीडीआर३ रॅम, फिरती हार्ड डिस्क.

मशीन चौथ्या प्रयत्नात का होईना, पहिल्या पडद्यापर्यंत येत असेल तर डिलीट किंवा एफ२ दाबत राहा आणि आत शिरा. तीन गोष्टी फोटोत स्पष्ट वाचता आल्या पाहिजेत. साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो) आयडीई आहे की एएचसीआय, बूट (मशीन सुरू होण्याची पद्धत) लेगसी म्हणजे जुनं आहे की यूईएफआय म्हणजे नवं, आणि बूटच्या क्रमात पहिलं कोण. सेल काढला, क्लिअर सीमॉसचा जंपर (सेटिंग पुसायची बोर्डवरची छोटी टोपी) फिरवला किंवा ‘लोड डिफॉल्ट्स’ केलं की या तिन्ही गोष्टी कारखान्यातल्या स्थितीला जातात. विंडोज एका मोडमध्ये बसवलेलं आणि बोर्ड दुसऱ्या मोडवर गेलेला असेल, तर लोगो दिसतो न दिसतो तोच निळा पडदा येतो आणि कोडच्या शेवटी ७बी असतं. बघणाऱ्याला वाटतं डिस्क गेली. डिस्कला काहीही झालेलं नसतं.

सेटिंग बिघडल्याचा, म्हणजे चेकसमचा संदेश येऊन एफ१ की एफ२ असं विचारलं तर एफ१ दाबून आत जा. एफ२ म्हणजे डिफॉल्ट लावून पुढे जाणं, ते नको. तेव्हा सेटिंग आधीच पुसलं गेलेलं असू शकतं, तरी फोटो काढाच. निदान सुरुवात कुठून केली ते कळतं.

सामान: स्टार स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची), एक जादा साटा केबल, चार पिनचा छोटा बझर आणि सीआर२०३२ सेल. शिवाय दुसऱ्या मशीनवर आधीच तयार केलेला, लिनक्स मिंट (विंडोजशिवाय मशीन चालवणारी मोफत प्रणाली) टाकलेला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह. तो आधीच करा, ऐन वेळी मशीन शोधत बसावं लागतं.

प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मग झाकण. आतलाही एक फोटो घ्या, विशेषतः पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरींचा. धूळ झाडताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

आता वीज. २४ पिनांची मोठी जोडणी सगळे बघतात, प्रोसेसरशेजारची १२ व्होल्टची चार पिनांची विसरतात. ती सैल असेल तर पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारी पेटी) तपासायचा तर बोर्डापासून सोडवा, प्लग काढलेला असताना हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला पिनने जोडा, भार म्हणून एक पंखा लावा आणि मग वीज द्या. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट हवेत. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं नाही, आकडे बघा. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो, तो प्लग काढल्यावरही काही काळ राहतो. बोर्डवर प्रोसेसरच्या आसपास डोक्यावर फुगलेले कपॅसिटर (डब्यासारखे छोटे उभे भाग) दिसले तर पुढचं सगळं थांबवून बोर्ड आधी दुरुस्तीला द्या.

रॅम काढा. सोनेरी कडा बोर्डापासून लांब धरून खोडरबरने घासा, अल्कोहोलने पुसा. रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवंच दुखणं. एक पट्टी, एक स्लॉट, मग अदलाबदल. बझर लावून रॅमशिवाय चालू करून बघा. बोर्ड ओरडला तर प्रोसेसर आणि बोर्ड बहुधा जिवंत आहेत. मशीन सुरू होऊन दोन-चार मिनिटांत बंद पडत असेल तर कूलरच्या चार खुंट्या बघा, एक जरी उचललेली असली तरी प्रोसेसर तापतो. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

आणि आता सेल. फोटो काढले? नसतील आणि पडदा येत असेल तर रॅम लावा, झाकण तसंच राहू द्या, परत जाऊन काढा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.८ च्या खाली असेल तर बदला. अधिक चिन्ह वर. सेटिंग टिकावं म्हणून प्लग लावून ठेवून सेल बदलणारे आहेत. ते करू नका, सेल निसटून बोर्डवर पडला तर शॉर्ट होतो. फोटो असताना ती कसरत कशाला? सेल बसवल्यावर सरळ बायोसमध्ये जा, फोटो समोर धरा, तिन्ही गोष्टी जशाच्या तशा लावा, तारीख भरा. तारीख चुकली तर वेबसाइट सुरक्षित नसल्याच्या चुका दाखवतात.

फोटो नव्हताच आणि ७बीचा निळा पडदा आला? आयडीई असेल तर एएचसीआय, एएचसीआय असेल तर आयडीई. बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणाला तर लेगसी-यूईएफआय बदला. हे सगळं करून झाल्याशिवाय फॉरमॅट नाही.

डिस्क: साटा केबल बदला. टकटक आवाज येत असेल तर बंद करा, ती चालवत राहू नका. आवाज नसेल तर पेन ड्राइव्हवरून मिंट चालू करून आधी फाइली बाहेर काढा, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) नंतर. मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवून राहिलेलंही जातं.

शेवटी प्लग काढून रात्रभर ठेवा. सकाळी तारीख टिकलेली असेल तर सेल ठीक. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर मार्करने साटा मोड आणि बूट मोड लिहा, मग स्क्रू लावा.