‘एएसए १’ लिहिण्याआधी कान उलटून बघा

शिरवळहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन कोल्हापुरात आलो तेव्हा भूल द्यायची मला भीती वाटत नव्हती. वाटायला हवी होती. एएसएच्या, म्हणजे भुलेआधी रुग्णाची जोखीम ठरवायच्या, पाचही पायऱ्या तोंडपाठ; पहिली म्हणजे पूर्ण निरोगी. कळंब्याहून दोन वर्षांची लॅब्रॅडॉर गर्भाशय काढायला आली, शेपूट हलवत टेबलावर चढली. मी छातीला स्टेथोस्कोप लावला, हिरड्या बघितल्या, कार्डावर लिहिलं: एएसए १. दोन मिनिटं लागली असतील.

चीर दिली तेव्हाच कातडीच्या कडा झिरपत होत्या. आतली लिगेचर (रक्तवाहिन्यांना बांधलेल्या गाठी) पक्की, तरी गॉज उचलला की खाली पुन्हा ओलं. संध्याकाळी हिरड्या पांढऱ्याफटक. क्रॉसमॅच करून (रक्त जुळतं का बघून) एका ओळखीच्याच्या जर्मन शेफर्डचं रक्त चढवलं, रात्रभर शेजारी बसलो. वाचली. पहाटे सहज कान उलटला तर आत गोचिडी. बोटांच्या बेचक्यातही.

सापळा इथं आहे, म्हणून जरा लांबण लावतो. एर्लिकियाचा, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या जंतूचा, ताप येऊन गेला की कुत्रं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं धडधाकट दिसतं. खातं, पळतं, वजनही धरतं. आत रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट मात्र कमी असतात, आणि असतात त्या नीट कामही करत नाहीत. म्हणजे वय आणि उत्साह बघून पायरी ठरवली की फसलात. कान, काखा, बेचकी बघा. पोटावर, हिरड्यांवर लाल ठिपके शोधा. गोचीड सापडली तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) कराच.

आणि मशीनच्या आकड्यावरही लगेच भरवसा नको. त्या प्रसंगानंतर मी इतका धास्तावलो होतो की प्लेटलेट ६०,००० असा कागद हातात आला की केस परत पाठवायचो. मग एकदा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर) सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर थराच्या शेपटीकडच्या कडेला प्लेटलेटचे गठ्ठेच गठ्ठे! मशीननं ते मोजलेच नव्हते. गठ्ठे नसतील तर ऑइल इमर्शनखाली (तेल लावून बघायच्या भिंगाखाली) दहा फील्डमधल्या प्लेटलेट मोजा, सरासरीला १५,००० नं गुणा. अंदाज येतो. आकडा बरा असूनही शंका असेल तर वरच्या ओठाच्या आत बारीक चीर देऊन घड्याळ लावा. जखमेला स्पर्श न करता रक्त टिपत राहायचं. चार मिनिटांत थांबायला हवं.

‘वीस वर्षांत माझ्या हातून एक कुत्रं गेलं नाही’ असं सांगणारे ज्येष्ठ तुम्हालाही भेटतील. घरी नेल्यावर गेलेलं त्यांच्या हिशेबात नसतं. वजन नजरेनं ठरवून झायलाझीन-केटामीन ही भुलेची औषधं एकाच सिरिंजमध्ये भरणारे बहुधा हेच. तराजू घ्या हो, एवढा महाग नाही. मुधोळ हाउंडसारखं सडपातळ जनावर असेल तर थायोपेंटोन या भुलेच्या औषधाचा नाद सोडा, अंगावर चरबी नसल्यानं शुद्धीवर यायला फार वेळ घेतं. उपाशीपणाची चौकशी घरातल्या प्रत्येकाकडे स्वतंत्र करा. मालक म्हणतो ‘काय न्हाय दिलं ओ’, आणि आजीनं दूधभाकरी चारलेली असते.

घाबरून सोडूनही देऊ नका. ब्रिटनमधल्या २००२ ते २००४ च्या पाहणीत निरोगी कुत्र्यांमध्ये भुलेशी जोडलेले मृत्यू सुमारे ०.०५ टक्के होते, आजारी कुत्र्यांमध्ये १.३३. फरक बघा. शस्त्रक्रियेनंतर गेलेल्यांपैकी जवळपास निम्मी पहिल्या तीन तासांत गेली. श्वासनलिकेतली ट्यूब काढली की चहाला जायची माझी सवय तिथं सुटली.

मागच्या पावसाळ्यात एका कुत्रीला एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध देऊन ऑपरेशनआधी २८ दिवस थांबायला सांगितलं. मालक वैतागले: ‘हिला काय झालंय? हुंदडायलीय की!’ दुसरीकडे नेऊन त्याच आठवड्यात ऑपरेशन उरकलं. कुत्री ठणठणीत आहे. रंकाळ्यावर दिसते अधूनमधून, मालक मुद्दाम हात करतात.