संशोधकाचा एच-इंडेक्स विचारण्याआधी

मी वैद्यकीय ग्रंथपाल आहे. नेमणुकीची किंवा अनुदानाची बैठक जवळ आली की माझ्याकडे एक नाव येतं आणि सोबत ठरलेला प्रश्न: "मॅडम, यांचा एच-इंडेक्स किती?" संशोधकाच्या पेपरांचा इतर किती जण दाखला देतात यावरून काढलेला हा आकडा दोन मिनिटांत निघतो. त्याचा अर्थ लावायला अख्खी दुपार जाते, त्यातही संशोधक प्रजनन वैद्यकातला असेल तर जास्तच.

आधी माणूस नक्की करा. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, आडनाव आणि आद्याक्षर टाकलं की त्याच नावाचे हृदयरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, पशुवैद्य सगळे एकत्र येतात. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, असेल तर तिथून सुरुवात करा. नसेल तर संस्था, सहलेखक आणि विषय ताडून यादी हाताने गाळा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरबाईंचे सुरुवातीचे पेपर वेगळे शोधावे लागतात, हे समितीच्या कधीच लक्षात येत नाही. स्कोपस या सायटेशन्स (इतर लेखांनी दिलेले दाखले) मोजणाऱ्या माहितीसाठ्यात एकाच व्यक्तीची दोन प्रोफाइल्स सापडतात. गुगल स्कॉलरवरचं प्रोफाइल तर ज्याचं त्यानेच सांभाळायचं असतं, त्यामुळे त्यात काय काय शिरलेलं असेल याचा नेम नाही.

मग एच-इंडेक्स. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये तो मांडला. एच-इंडेक्स ३० म्हणजे किमान तीस-तीस सायटेशन्स मिळालेले तीस पेपर. काम थांबलं तरी तो वाढत राहतो, म्हणून तरुण उमेदवाराला ज्येष्ठाशेजारी बसवून तो पाहू नये. गुगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीआधीचे मसुदे) मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस किंवा तशाच वेब ऑफ सायन्सपेक्षा सहसा मोठा दिसतो. एकाचा इथून, दुसऱ्याचा तिथून, असं करू नका. आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिहा.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुढच्या कामात. पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे दहा उघडून बघा. या क्षेत्रात वरच्या जागा बऱ्याचदा सहमतीपत्रं, मार्गदर्शक तत्त्वं आणि संदर्भमूल्यं अडवून बसतात. पीसीओएस या बीजकोशांशी संबंधित संप्रेरक विकाराच्या निदानाचे रॉटरडॅम निकष घ्या. बैठक २००३ ची, पण मजकूर २००४ मध्ये 'फर्टिलिटी अँड स्टेरिलिटी' आणि 'ह्यूमन रिप्रॉडक्शन' या दोन्ही नियतकालिकांत छापला गेला. म्हणजे दस्तऐवज एक आणि नोंदी दोन. पीसीओएसवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यातली एक तरी उद्धृत करतो. २०१८ ची पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही अशीच एकापेक्षा जास्त ठिकाणी आली. अशा समितीत बोलावणं येणं हा मानच आहे, पण त्याचा रकाना वेगळा ठेवा. ही पानं बाजूला काढल्यावर आकडा कितीवर येतो ते बघा. कुणाचा फारसा हलत नाही, तर कुणाचं सगळं वजन त्या दोन-तीन पानांतच असतं. एका विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन पुनरावलोकनांचंही वेगळं गणित: सुधारित आवृत्ती आली की पबमेडमध्ये नवी नोंद होते आणि सायटेशन्स विभागली जातात.

उरलेल्या पेपरांत नाव कुठे आहे ते पाहा. वैद्यकात साधारणपणे पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं काम उभं करणाऱ्याचं. मधल्या नावांबद्दल लेखकांच्या योगदानाची टीप वाचल्याशिवाय काही बोलू नये.

सायटेशन म्हणजे शाबासकी, असं समजू नका. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) आधी गर्भाशयाचं अस्तर मुद्दाम खरवडलं तर गर्भ रुजण्याची शक्यता वाढते, असं सुचवणारा अभ्यास २००३ मध्ये आला आणि ही पद्धत पसरली. २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने १,३६४ स्त्रियांवरची चाचणी छापली: खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्ही गटांत बाळ जन्मण्याचं प्रमाण २६.१ टक्केच. आता जुन्या अभ्यासाला जो चूक ठरवतो तोही त्याला उद्धृत करतो आणि मोजणीत त्याचीही भर पडते. म्हणून प्रमुख दोन पेपरांसाठी, त्यांना उद्धृत करणाऱ्या काही लेखांतली ती नेमकी वाक्यं वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण इतकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

पेपर रुग्णांवरच्या उपचार-चाचण्यांचे असतील तर आणखी तीन गोष्टी. नोंदणी क्रमांक आहे का, आणि नोंदणी पहिली रुग्ण घेण्याआधीची आहे का? निष्कर्ष बाळ जन्मण्यावर काढलाय की नुसत्या पॉझिटिव्ह गर्भचाचणीवर? एकाच केंद्रात थोड्या महिन्यांत शेकडो जोडपी मिळाली असतील तर मी शंकेची खूण करून ठेवते. शिवाय प्रत्येक नाव रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, माहितीसाठ्यात तपासते. २०२३ पासून तो क्रॉसरेफ या लेखांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांना मोफत खुला आहे.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एका लेखामागची सरासरी सायटेशन्स, नियतकालिकाचा असतो, माणसाचा नव्हे. त्यांची बेरीज करून पाठवणाऱ्यांना मी अर्ज परत करते. तुलना करायचीच असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं आयसाइट हे ऑनलाइन साधन वापरा. ते एकेका पेपरची सायटेशन्स त्याच्या क्षेत्राच्या मानाने मोजतं आणि तिथे १.० म्हणजे एनआयएचच्या अनुदानातून झालेल्या पेपरांतला बरोबर मधला.

गाळलेली यादी समितीकडे जाण्याआधी शक्य असेल तर त्या संशोधकालाच दाखवा. एखादा पेपर राहिला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीच मेल येतो. जास्तीचा आलाय म्हणून कळवणारे फार थोडे.