नोकरीत जीव रमत नाही? मग असं करा

भाऊ, लगेच राजीनामा टाकू नका, आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. मग सुट्टीच्या दिवशी छोटं काहीतरी करून बघा. मी जळगावात हिशेब लिहायचो, जीव पार उबगला होता, एका रविवारी सावद्याहून कच्ची केळी आणली नि घरीच वेफर्स तळले, पहिला घाणा काळा पडला कारण केळी पिकायला लागलेली, चिकाने बोटं काळी झाली, पण दिवसभर घड्याळाकडे बघितलंच नाही, मला तिथंच कळलं.

पटलं की जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपीची, म्हणजे स्वतःचा धंदा सुरू करायला मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेची चौकशी करा, त्यात गावाकडच्या खुल्या गटाला 25 टक्के अनुदान असतं, 10 टक्के आपले, बाकी बँकेचं कर्ज. आणि घरी आईवडिलांना आधीच सांगा, शेजाऱ्याकडून कळलं तर फार लागतं त्यांना.