भुताच्या गोष्टीसारखं अँबियंट म्युझिक घरी कसं करायचं (गुऱ्हाळ, चप्पल आणि फ्रिज वापरून)

पहिलंच सांगतो, यात किंकाळ्या नाहीत, लहान पोरीचं खुदखुदणं नाही, चर्चचा ऑर्गन तर अजिबात नाही. कोल्हापुरात ऑर्गनला कोण घाबरतंय भावा? आपल्याला घाबरवलं ते आजीच्या मुंजानं, लायब्ररीतनं आणलेल्या धारपांच्या पुस्तकांनी, आणि रात्री दोनला थ्री फेज लाईट आली की मळ्यात कुणी नसताना आपोआप सुरू होणाऱ्या मोटरनं. ती मोटर म्हंजे खरं अँबियंट, मागं नुसतं वातावरणासारखं वाजत राहणारं.

ब्रायन ईनो नावाच्या इंग्लिश संगीतकारानं १९७८ ला विमानतळासाठी म्हणून अल्बम काढला तेव्हा त्याची अट साधी होती, लक्ष देऊन ऐकलं तरी जमावं आणि दुर्लक्ष केलं तरी जमावं. भुताच्या गोष्टीला नेमकं हेच लागतं, आपण दुर्लक्ष करत असतो आणि तेवढ्यात काहीतरी बदललेलं असतं. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथावाल्याची १९२१ ची एक गोष्ट आहे, त्यात माळ्यावर राहणारा एक मुका म्हातारा रात्र रात्र व्हायोल वाजवतो आणि खिडकीबाहेर नक्की काय आहे ते शेवटपर्यंत धड कळत नाही. आपल्याला तेवढंच उचलायचंय, आवाज द्यायचा पण तो कशाचा ते सांगायचं नाही.

म्हणून अख्खी गोष्ट म्युझिकमध्ये बसवायला जाऊ नका. मी आधी तेच करायचो, इथं दार वाजलं, इथं पाऊल, इथं भूत आलं, आणि ऐकणारा म्हणायचा की रेडिओ नाटक केलंयस काय. आता मी गोष्टीतला फक्त एक अनुभव घेतो. या ट्रॅकसाठी घेतला चकवा. माणूस शेतातनं रात्रभर चालतोय आणि परत परत त्याच बाभळीपाशी येतोय, बास.

आता आवाज गोळा करायला फोन पुरतो, पण तीन गोष्टी पाळा. एमपीथ्री नको, वेव्ह फाईल देणारं रेकॉर्डर अॅप घ्या. त्यातलं आपोआप आवाज कमीजास्त करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर शांततेत फोन स्वतःच आवाज फुगवतो आणि नुसती खरखर हाती लागते. आणि लेव्हल वजा १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. वाऱ्यासाठी फोनवर जाडजूड मोजा चढवायचा (धुतलेला).

हंगामात गुऱ्हाळासारखी जागा नाही. मी डिसेंबरात पन्हाळा रोडच्या एका गुऱ्हाळात रात्री अकराला गेलो, घाणा चालू, चुलवाणात चिपाडं जळत होती, काहिलीत रस उकळत होता. मी मोजा घातलेला फोन धरून इंजिनपाशी दहा मिनिटं गप उभा. गुळव्या मामा बराच वेळ बघत होते, शेवटी आले नि म्हणाले, "पाव्हणं, इंजिन बिघडलंय व्हय?" म्हटलं नाही मामा, आवाज घ्यायलोय. "मग ह्येचा घ्या की," म्हणून त्यांनी काहिलीकडं बोट केलं. आणि माणूस बरोबर होता. घट्ट होत आलेल्या रसाचा बुडबुडा फुटतो ना, तो पाण्यासारखा फुटत नाही, ओठ उघडल्यासारखा फुटतो. फक्त फोन काहिलीपासनं लांब धरा, वाफ बेकार असते.

घरी आल्यावर ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर उघडा, फुकट आहे. त्यात पॉलस्ट्रेच नावाचा इफेक्ट आहे, तो आवाज लांबवतो पण पट्टी खाली जाऊ देत नाही. सहा सेकंदाचा तुकडा घेऊन वीसपट ताणला की दोन मिनिटं होतात. खालचा टाईम रिझोल्यूशनचा आकडा पाव सेकंदावर असतो तो तसाच राहू दे. यात बुडबुड्याचे ठोके पुसले जातात आणि नुसता ओला, दम लागल्यासारखा पडदा उरतो. उलट इंजिनला ताणू नका, त्याचा स्पीड निम्मा करा, म्हंजे एक सप्तक खाली जातं आणि ठोकेही निम्म्या गतीनं पडतात. ठोके राहिले पाहिजेत, कारण चकव्यातला माणूस चालतोय.

चालण्यावरनं आठवलं, पावलांसाठी बाहेरचा सॅम्पल पॅक कशाला, आपली करकर वाजणारी कोल्हापुरी आहे की. पण पायात घालून चालायचं नाही. हातात धरून फोनजवळ सावकाश वाकवायची, एका वाकण्याला चार-पाच सेकंद. हे पाव स्पीडवर नेलं की चामडं राहत नाही, जुनं सागवानी दार होतं, दोर होतो, कायपण होतं. माझ्या एका मित्राला ते फांदीला काहीतरी लटकल्यासारखं वाटलं आणि मी त्याला आजवर सांगितलेलं नाही. तुम्ही पण सांगू नका, कुणी विचारलं तर विषय बदला.

जागेचा आवाज मात्र थोडा नाद करायला लावतो. रिव्हर्बचे, म्हंजे घुमाऱ्याचे, तयार प्रीसेट सगळे जण तेच वापरतात त्यामुळं सगळ्यांची भुतं एकाच हॉलमध्ये राहतात. खऱ्या जागेचा घुमारा पकडता येतो, तिथं जाऊन फुगा फोडायचा, तो रेकॉर्ड करायचा, आणि ती फाईल रीपर या सॉफ्टवेअरमधल्या रीव्हर्ब (ReaVerb) नावाच्या प्लगिनमध्ये टाकायची, मग तुमचा कुठलाही आवाज त्या जागेत वाजल्यासारखा येतो. मी पन्हाळ्यावर अंधारबावीत गेलो, तीन मजली काळ्या दगडाचं काम. पहिला फुगा फोडला तर लेव्हल लाल, दुसऱ्याला एक फॅमिली सेल्फी काढत होती ती ओरडली आणि त्यांच्या बारक्यानं रडायला सुरुवात केली, माफी मागून तिसरा फोडला. तोच वापरलाय. एक टीप, लांबचा आवाज हवा असेल तर मूळ आवाज कमी, घुमारा जास्त, आणि पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं कापून टाका, कारण हवेतनं लांबून येताना बारीक आवाज आधी मरतात.

आता सुरांचं. शास्त्रीयवाल्यांनी कान बंद करावेत. खुद्द अल्लादियाखाँसाहेब ज्या शाहू महाराजांच्या दरबारी गायले त्या गावात मी हे लिहितोय म्हणून जरा धाकधूक आहेच. मारवा घ्या. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाहीच, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हंजे षड्जावर टेकायचं टाळायचं. संध्याकाळचा राग, सूर्य गेलाय पण दिवा लागलेला नाही. घर दिसतंय पण पोचत नाही असं होतं, अगदी चकवा.

मग सा कुठाय? इथं माझी लाडकी चलाखी. आपल्या लाईनीची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणून फ्रिज, ट्रान्सफॉर्मर, जुनी ट्यूब हे सगळं साधारण ५० आणि १०० हर्ट्झला गुणगुणतं. तर आपला सा १०० हर्ट्झ धरायचा आणि तो ट्रॅकमध्ये जवळजवळ वाजवायचाच नाही. कोमल रे साधारण १०६.७ ला, तीव्र म १४०.६ ला, एवढंच लांब लांब सोडायचं. सा ऐकणाऱ्याच्या घरातला फ्रिज देतो. फार तर अगदी बारीक १००.३ हर्ट्झचा एक सूर खाली ठेवा, तो फ्रिजच्या सुराशी घासला की तीन-चार सेकंदाला एक हलका हेलकावा येतो. लाईनीची फ्रिक्वेन्सी पण किंचित हलत असते त्यामुळं हेलकावा कधीच सारखा राहत नाही. इअरफोनवर हे चालत नाही, खोलीत स्पीकरवर ऐकायला सांगा.

सगळं जोडताना तीन लूप, म्हंजे परत परत वाजणारे तुकडे, करा, १७, २३ आणि २९ सेकंदाचे. एकात इंजिन, एकात काहील, एकात चप्पल. एकदम सुरू केले तर ते तिघं परत एकत्र यायला तीन तास आठ मिनिटं एकोणसाठ सेकंद लागतात, गणित करून बघा. म्हंजे बाभळ तीच, पण दर खेपेला जरा वेगळ्या बाजूनं दिसते. आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला चप्पलचा लूप काढून टाका, हळूहळू नाही, एकदम. लाईट गेल्यावर पंखा थांबतो तेव्हा कळतं बघा की इतका वेळ काहीतरी वाजत होतं, तसं.

काय करू नका तेही सांगतो. १९ हर्ट्झ टाकला की भूत दिसतं हे खूळ इंग्लंडात विक टँडी नावाच्या इंजिनिअरनं १९९८ ला जे लिहिलं त्यावरनं पसरलंय, त्याच्या लॅबमधला पंखा तेवढ्याला हवा हलवत होता. पण लेका तुझा स्पीकर तेवढ्या खालचं वाजवतच नाही, नुसती लेव्हल खातो. ३० च्या खालचं कापा. आणि शेवटी लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा इफेक्ट) लावून सगळं मोठं करू नका, यूट्यूब मोठ्या आवाजाला तसंही खाली ओढतं. हळू असलं तर माणूस स्वतः पुढं वाकून ऐकतो, आणि तो पुढं वाकलेलाच हवाय आपल्याला.

टेस्ट एकच. रात्री हॉलमध्ये बारीक आवाजात लावून ठेवा आणि कुणाला सांगू नका. मी लावला तेव्हा साडेअकरा झाले होते, आई स्वयंपाकघरातनं हाक मारायला लागली, "अरे, त्या फ्रिजला काय झालंय बघ जरा, मगाधरनं येगळाच आवाज यायलाय." मी गपचूप ट्रॅक बंद केला. ती म्हणाली, "हां, थांबला बघ." मग थोड्या वेळानं, "न्हाई रे, हाय अजून."