आरएफआयडी लेबले स्वतःच्या छपाईयंत्रावर तयार करताना

आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तूची ओळख वाचण्याचे तंत्र; अशा लेबलच्या कागदाखाली अँटेना आणि चिप असलेला इनले चिकटवलेला असतो. प्रिंटर एकाच फेरीत आधी चिपमध्ये क्रमांक लिहितो आणि मग मजकूर व बारकोड छापतो. यातली छपाई सोपी आहे; घोळ होतो तो क्रमांकांचा, म्हणून यंत्र घेण्याआधी क्रमांक कोण देणार आणि त्यांची नोंद कुठे राहणार हे ठरवावे.

किरकोळ विक्रीच्या मालासाठी चिपमधल्या क्रमांकाची सहसा एसजीटीआयएन-९६ ही रचना वापरतात. तिच्या ९६ बिटांपैकी पहिले ८ रचनेचा प्रकार सांगतात, शेवटचे ३८ अनुक्रमांकासाठी असतात आणि कंपनी व वस्तू यांची ओळख मधल्या भागात येते. साधा बारकोड एका वस्तूच्या सर्व नगांवर सारखाच चालतो. चिपमधला क्रमांक मात्र दर नगाला वेगळा हवा, कारण तोच क्रमांक दोनदा लिहिला गेला तर रीडर (चिप वाचणारे यंत्र) दोन नगांना एकच समजतो आणि साठा कमी दिसतो. दोन प्रिंटर असतील तर एकाला १ ते ५,००,००० आणि दुसऱ्याला ५,००,००१ पासून पुढचे अनुक्रमांक वाटून द्यावेत. यादी एक्सेलमध्ये असेल तर तो स्तंभ आधीच 'टेक्स्ट' करावा; एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते आणि पुढच्यांच्या जागी मुकाट्याने शून्ये भरते.

नवा रोल चढवल्यावर आरएफआयडी कॅलिब्रेशन करावेच. त्यातून इनले अँटेनासमोर नेमका कधी येतो आणि लिहिण्यासाठी किती शक्ती लागते हे प्रिंटर शोधतो. शक्ती गरजेपेक्षा जास्त राहिली तर क्रमांक शेजारच्या लेबलमध्ये जाऊ शकतो. आराखड्यात बारकोड चिपच्या उंचवट्यावर येऊ देऊ नये, तिथे रेघा तुटतात. धातूच्या किंवा द्रवाने भरलेल्या वस्तूंवर साधा इनले नीट वाचला जात नाही, तेव्हा पूर्ण रोल छापण्याआधी दहा-वीस लेबले प्रत्यक्ष मालावर लावून पाहावीत.

छापलेले लेबल वेगळ्या रीडरने वाचून यादीशी ताडावे आणि मगच पासवर्ड घालून ते लॉक करावे. लिहिणे फसलेल्या लेबलवर प्रिंटर 'व्हॉइड' (म्हणजे रद्द) छापतो. त्याचा अनुक्रमांक पुन्हा वापरू नये, आणि ते लेबल कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने थेट चिपवरच कापावे, कारण नुसती अँटेना कापलेले लेबल जवळून वाचले जाऊ शकते.